सर्किट लागलं!

१७ ऑक्टोबर २००७, बुधवार. सकाळचे ९.५५. दलाल स्ट्रीटवर, मुंबई शेअर बाजाराच्या जीजीभाय टॉवर्सच्या मोठ्या पडद्याखाली तुम्ही उभे आहात. बाजार उघडतो आणि मिनिटभरातच बंद पडतो. “सर्किट लागलं!” शेजारचा सबब्रोकर मोबाइलवर ओरडतोय. निर्देशांक नऊ टक्क्यांहून जास्त खाली, तासभर व्यवहार ठप्प. सगळ्यांच्या माना वर, आणि मराठी, गुजराती, हिंदीत एकच प्रश्न: एफआयआय, म्हणजे परकीय गुंतवणूक संस्था, विकतायत का?

काल संध्याकाळी बाजाराची नियामक असलेल्या सेबीने पी-नोटना लगाम घालायचा प्रस्ताव काढलाय. परदेशातला एखादा फंड सेबीकडे नोंदणी न करता नोंदणीकृत संस्थेकडून हा कागद घेतो. शेअर त्या संस्थेच्या नावावर, नफा-तोटा मात्र पडद्याआडच्या फंडाचा. परकीय संस्थांच्या इथल्या गुंतवणुकीत जवळपास निम्मा वाटा असल्या कागदांचा! सेबीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सेन्सेक्स चढतो म्हणून डॉलर येतात, डॉलर येतात म्हणून सेन्सेक्स आणखी चढतो. या लोंढ्याने डॉलर ३९ रुपयांवर आणून ठेवलाय आणि तिरुपूरचे निर्यातदार कपाळाला हात लावून बसलेत.

पी-नोटवर सरसकट बंदी नाही, असा खुलासा अर्थमंत्री चिदंबरम करतात. १,७४३ अंकांनी कोसळलेला सेन्सेक्स संध्याकाळी फक्त ३३६ अंकांनी खाली असतो. महिना संपायच्या आत तो २०,०००ला शिवतो.

जानेवारी २००८. सेन्सेक्स २१,०००च्या वर जाऊन आलाय आणि सोलापूरच्या भगवान रामपुऱ्यांनी घडवलेला ब्राँझचा बैल इमारतीसमोर दिमाखात उभा राहिलाय. मुहूर्त काही साधला नाही. २१ तारखेला बाजार १,४०८ अंकांनी आपटतो.

२४ ऑक्टोबर २००८. दिवाळी चार दिवसांवर. सेन्सेक्स ८,७०१, डॉलर ५० रुपयांच्या घरात. वर्षभरात इथे एवढं काय बिघडलं? खरं तर फार थोडं. सप्टेंबरात न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि घरची देणी भागवायला तिकडच्या फंडांनी जे चटकन विकलं जाईल ते विकायला काढलं. मुंबईचा बाजार मोठा, उलाढाल भरपूर, कधीही विकून बाहेर पडता येतं. याच सोयीला भुलून ते आले होते, आता तीच आपल्या अंगाशी आली. २००७मध्ये सुमारे ७१ हजार कोटी रुपये घेऊन आलेल्या या संस्थांनी २००८मध्ये ५० हजार कोटींहून अधिक काढून नेले.

तिथून थेट पुण्याजवळच्या चाकणला या. फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहतोय, ५८ कोटी युरोंचा. हाही पैसा परकीयच. पण जमिनीत ओतलेलं काँक्रीट आणि बसवलेली यंत्रं बटण दाबून विकता येत नाहीत, आणि इथे मोटारी खपतील का हा हिशेब काही एका तिमाहीचा नसतो. ९ मार्च २००९ला सेन्सेक्स ८,१६०पर्यंत घसरतो. ३१ मार्चला चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन होतं.