होमर-प्रश्न

इलिअड व ओडिसी ही ग्रीक महाकाव्ये कोणी, केव्हा व कशी रचिली, यासंबंधीचा विद्वानांतील वाद. परंपरेने दोन्हींचे कर्तृत्व होमरकडे जाते. तथापि त्याच्या चरित्राविषयी विश्वसनीय माहिती उपलब्ध नाही. या वादाला आधुनिक स्वरूप जर्मन पंडित फ्रीड्रिख आउगुस्ट व्होल्फ याच्या १७९५ मधील ग्रंथाने आले. होमरच्या काळी लेखनकला प्रचारात नव्हती. म्हणून मुखोद्गत राहिलेली लहान गीते पुढे एकत्र गुंफली गेली, असे त्याचे प्रतिपादन होते. नंतरचे विश्लेषणवादी काव्यांतील जुने-नवे थर शोधू लागले, तर एककर्तृत्ववादी त्यांच्या कलात्मक एकात्मतेकडे बोट दाखवीत राहिले. दोन्ही पक्ष काव्याकडे लिखित ग्रंथ म्हणूनच पाहत होते, हे या वादाचे मोठे वैगुण्य होय.

मिल्मन पॅरी (१९०२–३५) या अमेरिकन अभ्यासकाने प्रश्नाचा रोखच बदलला. होमरची जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असतानाही ‘वेगवान’ असतात. अकिलीझ, ओडिसियस इत्यादींची विशेषणेही प्रसंगापेक्षा षट्गणी वृत्तातील रिकाम्या जागेनुसार येतात आणि बहुधा एका जागेसाठी एकच विशेषण असते. अशी काटकसरीची पद्धती एका कवीची निर्मिती असणे शक्य नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायकांची आहे, असे पॅरीने १९२८ मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधांत दाखविले. हे गायक पाठांतर न करता गातागाताच रचना करीत, या विचाराच्या पडताळणीसाठी त्याने १९३३–३५ मध्ये यूगोस्लाव्हियात गुस्ले या वाद्याच्या साथीने गाणाऱ्या कथागायकांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांपैकी अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने बारा हजारांहून अधिक ओळींचे काव्य सादर केले. ओडिसीचा विस्तारही सुमारे तेवढाच आहे. पॅरीच्या अकाली निधनानंतर त्याचा सहकारी ॲल्बर्ट लॉर्ड याने १९६० मध्ये ही उपपत्ती ग्रंथरूपाने मांडली.

सूत्रमय भाषेत कवीच्या प्रतिभेला वाव कितपत राहतो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. इलिअडच्या अखेरीस प्रायाम हा पुत्रघातक अकिलीझच्या ‘नरसंहारक’ हातांचे चुंबन घेतो. हे विशेषण एरवी मुख्यत्वे त्याच्या मृत पुत्राचे, हेक्टरचे आहे. येथे ते केवळ वृत्तपूर्तीसाठी आले, असे म्हणणे कठीण आहे.

ही काव्ये लेखनबद्ध कशी झाली, याविषयी मतभेद आहेत. पिथेकुसाय येथे १९५४ मध्ये सापडलेल्या, इ. स. पू. आठव्या शतकातील पात्रावर षट्गणी ओळी कोरलेल्या आहेत. त्यामुळे व्होल्फचे मूळ गृहीत डळमळीत झाले. लॉर्डच्या मते गायकाने काव्य सांगितले व दुसऱ्याने ते उतरून घेतले. ग्रेगरी नॉज संहिता शतकानुशतकांच्या सादरीकरणातून हळूहळू स्थिर झाली असे मानतो, तर एम्. एल्. वेस्ट (१९३७–२०१५) याने स्वतः लिहिणारा व आपल्या लेखनात वारंवार भर घालणारा कवी कल्पिला आहे.