इस्ट्रोजेन आणि बायकांचं हृदय

मंडळी, बॉस्टनहून मास पाइकने पश्चिमेला निघालं की फ्रॅमिंगहॅम लागतं. दिसायला साधंसुधं गाव, पण हृदयरोगाच्या अभ्यासकांची ही पंढरीच! १९४८ साली इथल्या ५,२०९ माणसांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि त्यात बायकाही होत्या. पुढे दिसलं ते असं, की पाळी सुरू असेपर्यंत बायकांना हार्ट अटॅक क्वचितच येतो, नंतर मात्र धोका वाढत जातो.

म्हणजे इस्ट्रोजेन हेच कवच असणार, नाही का? गोळी तर तयारच होती. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेलं 'प्रेमारिन' अमेरिकेत १९४२ पासून मिळत होतं. गंमत बघा, 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये ते दिलं गेलं अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना! अटॅक उलट वाढले आणि १९७० मध्ये मोठा डोस थांबवावा लागला.

तरी कल्पना टिकली. १९८५ मध्ये अमेरिकन नर्सेसच्या मोठ्या पाहणीत गोळी घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. प्रयोगशाळेतूनही दुजोरा मिळत गेला. हृदयाच्या पेशीतली मायटोकॉन्ड्रिया म्हणजे वीजघरं. वीज करताना ठिणग्या उडतात, ते फ्री रॅडिकल्स. अडलेला रक्तपुरवठा अचानक परत आला की ठिणग्यांचा भडका उडतो, तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. उंदरांच्या हृदयपेशींना आधी इस्ट्रोजेन दिलं, तर या भडक्यात कमी पेशी मरतात. पेशीतले इस्ट्रोजेनचे रिसेप्टर जागे होतात आणि ठिणग्या विझवणारी एन्झाइम्स वाढतात. सगळं कसं चोख जुळतं!

आणि मग जुलै २००२. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मधली १६,६०८ बायकांची चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या दर दहा हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ आणि स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त होत्या.

मग पेशी खोटं बोलत होत्या का? मुळीच नाही. पण बशीतल्या पेशीला धमनी नसते. या बायकांचं सरासरी वय होतं ६३. त्या वयात धमन्यांत चरबी साचलेली असते, आणि पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं. शिवाय नर्सेसच्या पाहणीत गोळी घेणाऱ्या बायका मुळातच तब्येतीला जपणाऱ्या असू शकतात. २०१६ च्या 'एलिट' चाचणीत पाळी जाऊन सहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलेल्या इस्ट्रोजेनने मानेच्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग कमी केला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्याने नाही.

आमच्या इंजिनिअरिंगमध्येही सुटा भाग टेस्ट बेंचवर पास झाला, म्हणून कोणी पूल वाहतुकीला खुला करत नाही.

परवा आईने फोनवर विचारलं, "हृदयासाठी ती गोळी घेऊ का गं?" ती पासष्टची आहे. म्हटलं, नुसत्या हृदयासाठी नको. अंगातून वाफा येऊन झोप उडत असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही डॉक्टरांना विचारून. असो. ठिणग्या विझवायला रोजचं चालणंही मदत करतं, हे मात्र तिला ठणकावून सांगितलंय!