मुंबईतील पहिली वातानुकूलित लोकल

मुंबई उपनगरी रेल्वेवरील पहिली वातानुकूलित लोकल ही १२ डब्यांची विद्युत गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेच्या बोरीवली–चर्चगेट मार्गावर प्रवासी सेवेत दाखल झाली. २०१३च्या रेल्वे अर्थसंकल्पात ती २०१३-१४ या वर्षातच धावेल असे जाहीर झाले होते. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेली ही गाडी एप्रिल २०१६मध्ये कुर्ला कारशेडमध्ये आली, परंतु त्यानंतरही प्रवाशांना सुमारे २० महिने वाट पाहावी लागली.

विलंबाची कारणे

गाडी मूळतः मध्य रेल्वेसाठी आणली गेली होती. वातानुकूलन यंत्रे छतावर असल्याने तिची उंची नेहमीच्या लोकलपेक्षा अधिक होती, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील ब्रिटिशकालीन पूल कमी उंचीचे होते. पुलांची उंची ही काही नव्याने उद्भवलेली बाब नव्हती. तरीही हा पेच गाडी मुंबईत पोहोचल्यावरच ठळकपणे पुढे आला. अखेर ती पश्चिम रेल्वेकडे सोपवण्यात आली.

कोणत्याही नव्या प्रकारच्या गाडीला लखनौ येथील संशोधन अभिकल्प व मानक संघटनेच्या चाचण्या पार कराव्या लागतात. त्यांत निरनिराळ्या वेगांवरील हेलकावे, ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर आणि प्रवाशांऐवजी वजन भरून घेतलेली धाव यांचा समावेश असतो. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांची शिफारस आणि रेल्वे बोर्डाची मंजुरी लागते. आयुक्तांचे कार्यालय रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. या गाडीच्या बाबतीत स्वयंचलित दरवाजांचा प्रश्नही होता. उघड्या दारांतून पडून होणारे मृत्यू त्यांमुळे टळणार होते. पण जेमतेम अर्धा मिनिट थांबणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये ते वेळेत मिटले नाहीत, तर मागील गाड्यांचे वेळापत्रक कोलमडण्याची भीती होती.

सेवेनंतर

मार्गावर मोकळी वेळ नसल्याने सुरुवातीच्या १२ फेऱ्यांसाठी साध्या लोकलच्या फेऱ्या काढून घेण्यात आल्या. भाडे प्रथम वर्गापेक्षाही अधिक असल्याने यावर नाराजी व्यक्त झाली. ५ मे २०२२पासून एकेरी प्रवासाचे भाडे निम्म्याने कमी करण्यात आले.

मध्य रेल्वेवर वातानुकूलित सेवा जानेवारी २०२०मध्ये ठाणे–वाशी–पनवेल या ट्रान्स-हार्बर मार्गावर सुरू झाली. ज्या मुख्य मार्गासाठी पहिली गाडी आणली होती, तेथे अशी लोकल डिसेंबर २०२०मध्ये, कमी उंचीच्या गाड्या उपलब्ध झाल्यावर धावू लागली.