खड्ड्याचा झाला सातपुडा



शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय: सातपुडा हा गट पर्वत, नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात. पण पचमढीकडचा सातपुडा आधी डोंगर नव्हताच, तिथे खड्डा होता.

सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन ताणली गेली, भेगा पडल्या आणि मधला भाग खचत गेला. त्यात नद्यांनी वाळू, गाळ, झाडपाला आणून टाकला. झाडपाल्याचा कोळसा झाला. पेंच-कन्हान आणि पाथाखेड्याच्या खाणी त्याच्याच. वाळूचा वालुकाश्म झाला. तेव्हा खड्ड्यात साचलेली वाळू आज धूपगडावर, सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे. हेन्री मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने 1872 मध्ये या थरांना गोंड राज्यावरून 'गोंडवाना' नाव दिलं. पुढे अख्ख्या प्राचीन खंडाला तेच नाव लागलं.

मग 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि आपला काळा पाषाण तयार झाला. नंतर भारत आशियाला जाऊन भिडला. ताण गेला, दाब आला. ज्या भेगांवरून जमीन खाली घसरली होती, त्यातल्या काहींवरूनच ती वर ढकलली जाऊ लागली. हे अजून थांबलेलं नाही. 14 मार्च 1938 चा सातपुड्याचा भूकंप आणि 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातले. जबलपूरला जमिनीखालची हालचाल वर ढकलणारीच होती.

आता आपल्या खान्देशाकडे या. रावेर, यावल, चोपड्याच्या उत्तरेला डोंगरात जो काळा पाषाण दिसतो, तोच आपल्या शेताखाली खोल गाडलेला आहे. डोंगराच्या पायथ्याला भेग आहे; तिच्या अलीकडची आपली बाजू खचली. तो खळगा सुकी, मोर, अनेर अशा नद्यांनी भरला. उतार संपला की पाण्याचा जोर मोडतो, म्हणून मोठे गोटे आणि रेती पायथ्यालाच पडली. बारीक पिवळी माती पुढे तापीपर्यंत गेली.

आपल्या केळीच्या पाण्याचं मर्म इथेच आहे. पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्यात पाणी सरळ खाली मुरतं आणि तिथून आपल्या बोअरकडे सरकतं. खालच्या चिकण थरावर तळं केलं तर पाणी दिसतं छान, पण बरंचसं उन्हात उडून जातं. म्हणजे बोअर आपला इथे, पण त्याचं तोंड तिकडे डोंगराखाली. तिथल्या नाल्यातले गोटे-रेती उपसली, पात्र सपाट करून टाकलं, की ते तोंडच बुजतं. मग आपण इथे बोअर आणखी शंभर फूट खाली नेतो आणि पाणी कुठे गेलं म्हणून विचारतो.

माझं म्हणणं एवढंच: पुनर्भरणाचा पैसा आधी पायथ्याला लागू द्या, ग्रामसभेत तसं बोला. आणि बोअर घेताना किती फुटांवर पिवळी माती, किती फुटांवर गोटे, हे वहीत लिहून ठेवा. तुमच्याकडे काळा पाषाण किती फुटांवर लागला, की लागलाच नाही? गावाच्या नावासकट खाली लिहा.