मंगळूरला थांबलेली बोट आणि कॉफीचं बी



मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी क्रूझ न्यू मंगळूर बंदरात दिवसभर थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांपुढे सहलींची यादी ठेवतात. मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, कारकळचे १४३२ सालचे बाहुबली आणि वेणूर आम्ही यात्रेत पाहून आलो होतो, म्हणून या वेळी कॉफीचा मळा निवडला. नेरूळच्या आमच्या शेजारणीला त्याचं फार नवल वाटलं. पण त्या मळ्याच्या वाटेवर जो इतिहास पडलेला आहे, त्यात आपल्या माणसांचाही हात आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

बस बंटवाळ, बेळतंगडी, उजिरे करत चार्माडी घाट चढते. वर पोचलं की हवा गार होते आणि सिल्व्हर ओक, फणस यांच्या सावलीत कॉफीची झुडपं दिसू लागतात. मोठ्या झाडांच्या खोडांवर मिऱ्याचे वेल चढवलेले असतात. गाईड पहिली गोष्ट सांगतो ती बाबा बुदन यांची. हजहून परतताना त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या. परंपरा त्याचं साल १६७० सांगते. त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात आणि तिथल्या गुहेला हिंदू-मुसलमान दोघंही भजतात.

गोष्ट गोडच आहे. मात्र ती ऐकून असं वाटतं की त्याआधी आपल्याकडे कॉफी कोणाला ठाऊकच नव्हती. तसं नाही. जहांगीरच्या दरबारी आलेल्या सर टॉमस रोबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. इथले धर्म कडक पाळणारे लोक मद्याऐवजी काळं बी पाण्यात उकळून पितात, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे पेय आधी आलं, झाड मागाहून. बी यायचं समुद्रावरून, मोखाहून सुरतेला.

आणि मोखात दलाल कोण? गुजरातचे वाणी, हिंदू आणि जैन. मोखापासून आत बैत-अल-फकीह इथे कॉफीचा मोठा बाजार भरे. डच, इंग्रज, फ्रेंच असे सगळे खरेदीदार तिथे येत, आणि भाव ठरवायला, नाणी पारखायला, उधारी सांभाळायला त्यांना या वाण्यांवाचून गत्यंतर नसे. बायकामुलं देशी ठेवून हे लोक वर्षानुवर्षं परमुलखात राहत, कमाई झाली की परतत. (मागे घर सांभाळणाऱ्या बायकांचा हिशेब कुठल्या वहीत नाही.) सुरतेचे वीरजी व्होरा हे त्या काळातले सर्वांत श्रीमंत जैन व्यापारी. इंग्रजांची वखार त्यांच्याकडून कर्ज घेत असे. त्यांचा पसारा लाल समुद्राच्या बंदरांपर्यंत होता.

झाडाचा पुढचा प्रवास मात्र सहलीत कोणी सांगत नाही. १६९६ साली डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला नेली. ती पुरात गेली, म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली. जावाहून एक झाड १७०६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला, त्याचं पिल्लू १७१४ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे, आणि तिथून १७२३ च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिकला. शेजारच्या सेंट डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातली निम्मी कॉफी पिकत होती. ती पिकवत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं. ब्राझीलमधली गुलामी तर १८८८ पर्यंत चालली. आज परदेशी क्रूझवाले मध्य अमेरिकेत उतरवून जे मळे कौतुकाने दाखवतात, तिथल्या कितीतरी झाडांचं मूळ असं आपल्या किनाऱ्यापाशी येऊन पोचतं.

आता आपल्या ग्रंथांकडे बघा. उपासकदशांगात श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची, कर्मादानांची, यादी आहे. त्यात वनकर्म आहे, म्हणजे जंगल तोडून पोट भरणं. केशवाणिज्यही आहे, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना दोन पायांच्या व चार पायांच्या जिवांची विक्री असा उघड उल्लेख केलाय. केशवाणिज्यात माणसांची विक्रीही येते, हे आपल्यापैकी कितीजणींना सांगितलं गेलं? मला तरी पाठशाळेत फक्त यादी पाठ करायला लावली होती. मोखाच्या पेढीवर बसलेल्याने माणूस विकला नाही, त्याने दलाली केली. पण ज्या मालाची त्याने घडी बसवली, त्याच्यासाठी पुढे जंगलंही गेली आणि माणसंही.

आपल्या घाटातही हे फार वेगळं नव्हतं. टिपू सुलतानानंतर, १८२०-३० च्या सुमारास, चिकमगळूर भागात गोरे मळेवाले आले. रान तोडून मळे वाढले. मजूर आले ते खालून, दक्षिण कानडा जिल्ह्यातून. मेस्त्री गावात जाऊन आगाऊ रक्कम देई, आणि ती फिटेपर्यंत माणूस मळ्याशी बांधलेला. १८४३ च्या कायद्याने गुलामीला सरकारी मान्यता राहिली नाही, तरी उचल कायम राहिली. सुगीला माणसं घाट चढून वर जात, आणि कॉफीची पोती बैलगाड्यांतून खाली मंगळूरला येत. तिथल्या कारखान्यांत सोलून, निवडून ती बोटींत भरली जात. आमची एसी बस मंगळूरहून घाटात निघाली ती असल्याच वाटेने.

मळ्यात डिसेंबरची तोडणी चालू होती. बायका कमरेला पिशवी बांधून लाल झालेलं फळ तेवढं निवडत होत्या, हिरवं मागे ठेवत होत्या. हात इतका सराईत की बघत राहावं. फळाचं वजन संध्याकाळी होतं आणि मजुरी त्यावर. आम्हाला दुपारीच निघावं लागलं, बोट सुटायची होती. १९५१ च्या कायद्याने मळेवाल्यांवर मजुरांसाठी घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी टाकली होती. मी पाळणाघर कुठे आहे विचारलं, तर गाईडने आम्हाला विक्रीच्या दुकानाकडे वळवलं.

त्या दुकानातली एक गोष्ट घरच्या कामाची. फिल्टर कॉफीच्या पुडीत बहुतेकदा चिकोरी असते, आणि चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. नेपोलियनच्या नाकेबंदीत युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा तिचं चलन वाढलं. आपल्याकडे ती जामनगर आणि उत्तर प्रदेशात पिकते. कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याच्या जवळपास, ४९ टक्क्यांपर्यंत, चिकोरी चालते, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. बटाटा-कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांत ही पुडी बिनबोभाट येते. हळद आणि सुंठ वाळलेली म्हणून चालतात, मग ही का नाही, असंही कोणी म्हणेल; ते आपापल्या महाराजांना विचारावं. ज्यांना नको असेल त्यांनी वाशीच्या किंवा माटुंग्याच्या दुकानात नुसती कॉफी दळून मागावी. चिकोरीशिवाय ती जरा पातळ लागते, म्हणून फिल्टरमध्ये अर्धा चमचा पूड जास्त घालायची.