आंबेनळीच्या वळणावर, बॉनेट उघडून

गाडी कडेला घ्या. मे महिना आहे, पोलादपूर मागे पडलंय, आंबेनळी घाटात पुढे एक एसटी कण्हत चाललीय आणि बराच वेळ तुम्ही दुसऱ्या गियरच्या वर गेलेला नाहीत. बॉनेट उघडा. वरचं प्लास्टिकचं झाकण काढलंत की खाली राखाडी, किंचित खरखरीत धातू दिसेल. अलीकडची पेट्रोल गाडी असेल तर बहुधा त्याला चुंबक चिकटणार नाही. नावात पोलाद असलेल्या गावातून तुम्ही वर आलात ते ॲल्युमिनियमच्या इंजिनावर.

हात त्या इंजिनाच्या ब्लॉकपासून लांब ठेवा आणि डोळे मिटा. मागे जायचंय.

1978. वळण तेच, गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनलेली, 1089 सीसीची. मागे चार माणसं, मांडीवर पोरं, टपावर वळकट्या. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागते. वडील काही न बोलता उतरतात, डिकीतून पाण्याचा डबा काढतात, रेडिएटरच्या झाकणावर ओला फडका टाकून सगळ्यांना लांब व्हायला सांगतात. आई तेवढ्यात दशम्या सोडते. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, घरातल्या तव्याच्या जातीचा. ॲल्युमिनियमच्या अडीचपट जड, आणि उष्णता सोडायला चेंगट. पण बीड सोसतं फार. अर्धा तास थांबायचं, पाणी भरायचं, महाबळेश्वर गाठायचं.

अजून मागे, 1921. घाट सोडून जरा अमेरिकेत डोकवा. शुद्ध ॲल्युमिनियम ओतकामाला कुचकामी: साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही, गार होताना आक्रसतं, तडकतं. त्यात सिलिकॉन घातलं की रस पाण्यासारखा वाहतो. शुद्ध धातूला वितळायला 660 अंश लागतात. साडेबारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असेल तर 577 अंश पुरतात. अडचण एकच. गोठताना सिलिकॉनच्या जाडजूड सुया होतात आणि तुकडा ठिसूळ निघतो. अलादार पात्स हा हंगेरियन वंशाचा संशोधक त्या रसात चिमूटभर सोडियमचा क्षार टाकतो. आधीचा तुकडा मोडला तर आत खडीसाखरेसारखी चकचक दिसायची. आता मोड बारीक, रेशमी, राखाडी दिसते. सुयांचे धागे झालेत. पात्सला त्या वर्षी पेटंट मिळतं. आजच्या फाउंड्रीत त्याच कामाला सोडियमऐवजी बहुतेक स्ट्रॉन्शियम वापरतात, तेही दहा हजारांत एक-दोन भाग.

1674 ओलांडताना रायगडाकडे एक नजर टाका. राज्याभिषेकाच्या त्या सगळ्या सोन्या-चांदी-पितळेत ॲल्युमिनियमचा गुंजभर तुकडाही नाही. ते धातू म्हणून प्रथम वेगळं निघणार 1825 साली. तोवर ते गडाच्या कातळातच आहे.

आता मोठी उडी: 6 कोटी 60 लाख वर्षं. महाड नाही, सावित्री नदी नाही, सह्याद्रीही नाही. भेगांतून अकराशे-बाराशे अंशांचा लाव्हा वाहतोय, थरावर थर चढतोय. या रसात निम्मी सिलिका आहे आणि सातवा-आठवा हिस्सा ॲल्युमिना. म्हणजे तुमच्या इंजिनातले दोन्ही सोबती इथे एकाच घरात नांदताहेत, फक्त ऑक्सिजनने घट्ट धरलेले. रस गोठतो, काळा बेसाल्ट होतो.

मग पाऊस पडतो. लाखो वर्षं, उष्ण हवेत. तुम्ही पठारावर उभे राहून पाहा: पाणी कातळातली सिलिका थोडी थोडी विरघळवून नेतं आणि न विरघळणारं लोखंड नि ॲल्युमिनियम मागे ठेवतं. काळा दगड तांबडा पडतो. हाच जांभा, ज्याचे चिरे कोकणातल्या घरांना लागतात, ज्याची टोपी आज महाबळेश्वरच्या डोक्यावर आहे. जिथे ॲल्युमिना फार साठला तिथे बॉक्साइट झालं: रायगड, रत्नागिरी आणि घाटापलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते, ती आजही विरघळलेली सिलिका घेऊनच.

पुढे या. बॉक्साइटातून ॲल्युमिना काढताना उरलीसुरली सिलिका नको असते. ती कॉस्टिक सोडा खाते, म्हणून तिच्यावर कारखानदाराचा राग. मग सुमारे साडेनऊशे अंशांच्या वितळलेल्या क्षारात ॲल्युमिना विरघळवून त्यात वीज सोडायची नि ॲल्युमिनियम घ्यायचं. आणि ते फाउंड्रीत पोचलं की कुणीतरी पैसे मोजून सिलिकॉन विकत आणून त्यात घालतो! पावसाने ज्यांना वेगळं करायला लाखो वर्षं घेतली, त्यांची पुन्हा गाठ पडते ती भट्टीत, एका पाळीच्या आत. मला हा व्यवहार भारी गमतीचा वाटतो.

ॲल्युमिनियमचे सगळे प्रयोग जमले असं मात्र नाही. 1970 साली शेव्हरोलेच्या व्हेगा गाडीत 17 टक्के सिलिकॉनचा ब्लॉक आला. सिलिकॉनचे कणच इतके कठीण की सिलिंडरला बिडाची स्लीव्ह नको, अशी कल्पना होती. गाड्या तापल्या, ब्लॉक वाकले, नाव गेलं. तुमच्या ब्लॉकमध्ये बहुधा बिडाच्या पातळ स्लीव्ह आहेत. पिस्टन त्यांवरच घासतो.

डोळे उघडा. एसटी पुढे गेली. या घाटात हल्ली वाफाळलेल्या गाड्या फार दिसत नाहीत, आणि ॲल्युमिनियम उष्णता झटकन सोडतंही. पण बिडासारखी सोशिकता त्याच्याकडे नाही. कूलंट गळून इंजिन तापलं तर हेड वाकतं, गॅसकेट उडतं, आणि गॅरेजवाला जो आकडा सांगेल तो ऐकून तुम्हाला पद्मिनी आठवेल. तेव्हा काटा लाल रेषेकडे गेला तर ‘वर पोचून बघू’ म्हणू नका. इथेच इंजिन बंद करा, अर्धा तास दरी बघा, आणि गरम असताना कूलंटच्या झाकणाला हात लावू नका.