फुगडीचे वय

खानदेशात बाईने कोणत्या वयापर्यंत नाचायचे, हा प्रश्न मला पहिल्यांदा दवाखान्यात पडला. त्रेपन्नावे वर्ष, वजन ७६ किलो, रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. जळगावच्या उन्हाने ते आठ दिवसांत सोडवले. पुढे श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत शेजारणीने हात धरून फुगडीला ओढले. सहा फेऱ्यांतच दम लागला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावेसे वाटले. आम्ही सातजणी संध्याकाळी गच्चीवर जमू लागलो. घरोघरी एकच विचारणा झाली : "या वयात?"

मी इतिहासाची पदवीधर नाही. दुकानांचे हिशेब लिहिते आणि सुटीच्या दिवशी जुने कागद, पुस्तके वाचते. 'या वयात' हे कुठून आले, ते शोधायचे ठरवले.

१८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड निघाला. त्याच वर्षी जळगावजवळच्या असोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली. जमीन, पीक, महसूल समजून घ्यायला गॅझेटिअर उपयोगी पडते. आखाजीला बाईचे मन कुठे असते, ते बहिणाबाईंच्या गाण्यात सापडते. तिथे झोका आहे आणि झोक्यासोबत माहेर आहे.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. शेत रिकामे, पाऊस दूर. सालदाराचे साल या दिवशी संपते आणि नवे ठरते. सासुरवाशिणीही याच सणाला माहेरी येतात. निंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, फुगड्या खेळायच्या. सालदार आणि सासुरवाशीण, दोघांच्याही हक्काच्या सुटीचा हा सण.

धुळ्यात देवपुरातल्या ८१ वर्षांच्या एका आजींना विचारले, तुम्ही वजन कमी करायला नाचत होता का? त्या हसल्या. म्हणाल्या, "आखाजीले आमनं दयन बंद ऱ्हाये. पाय मोकया व्हयेत." पहाटे जाते, दिवसा शेत, मध्ये विहिरीचे पाणी, त्या शरीराला व्यायाम नव्हे, विसावा हवा होता. पिठाची गिरणी आणि नळ आले, कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. पण माझ्या पिढीच्या हातात जाते उरले नाही आणि फुगडीही उरली नाही.

"शेवटची फुगडी केव्हा खेळलात?" या प्रश्नाला आजींनी वय सांगितले नाही. "माय गई तव्हय," एवढेच म्हणाल्या. नंतर मी जळगाव-धुळ्यातल्या आणखी अकरा बायकांना हेच विचारले. आठजणींचे उत्तर जवळपास तेच होते. आई गेली, माहेरचे बोलावणे विरळ झाले, आखाजी सासरी होऊ लागली. गुडघे नंतर दुखू लागले; फुगडी त्याआधीच सुटली होती.

कानबाई याच्या उलट. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी तिचे विसर्जन होते. हा सासरच्या कुळाचा उत्सव. भाऊबंद एकत्र येतात. अनेक घरांत रोटांचे धान्य पुरुषांच्या संख्येवर मोजले जाते, पण मिरवणुकीत फुगडी बायका घालतात, सासवासुद्धा. म्हणजे उतारवयातल्या नाचाला आमच्याकडे मुळीच बंदी नव्हती. तो वर्षातल्या एका सोमवारपुरता उरला होता.

आम्ही तो रोजचा केला. पावले जुळवून, अंग मागे झुकवून फिरताना मांड्या-पोटऱ्यांना काम पडते, तोल घडतो, मध्ये थांबून दम घेता येतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. आमचा हिशेब त्यात बसतो. एकीचे गुडघे अधू आहेत. ती झिम्म्याच्या टाळ्या देते आणि गाणी सांगते. चौदा महिन्यांत माझे वजन ६९ वर आले, साखरही आटोक्यात आली. श्रेय एकट्या फुगडीचे नाही. रात्रीचा भातही सोडला आहे.

माझी आई मी एकेचाळीस वर्षांची असताना गेली. तिच्या शेवटच्या आखाजीला आम्ही दोघी अंगणात फुगडी खेळलो होतो. त्यानंतर कानबाईच्या त्या दिवसापर्यंत, बारा वर्षे, मी कुणाचे हात धरले नव्हते. या आखाजीला आम्ही सातजणी गच्चीवर आमरस-पुरणपोळी घेऊन जमलो. सहाजणींना आई नाही. सातवीची आई खुर्चीत बसून फेऱ्या मोजत होती.